इस्तरमावशीचा अबोला

इस्तरमावशीनं देवाशी अबोला धरला होता. एक-दोन दिवस नाही, तब्बल नऊ वर्षं.

देव नाही असं ती कधीच म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर माझं काम सोपं होतं. नास्तिकाला चार वचनं ऐकवता येतात आणि तरी ऐकलं नाही तर हात झटकता येतात. ही बाई रविवारी उपासनेला माझ्याआधी हजर असायची. घंटा व्हायच्या आत तिसऱ्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन बसलेली. गाण्यांत मोशे येवो, दावीद येवो, ती खणखणीत गायची. देवाला हाक मारायचं कडवं आलं की पुस्तक मिटायची. प्रार्थना सुरू झाली की सगळी मंडळी डोळे मिटायची आणि ही डोळे सताड उघडे ठेवून छतावरच्या पालीकडं बघत बसायची. प्रार्थना सांगताना पाळकाचेही डोळे मिटलेले असतात, मग मला हे कसं दिसलं, ते कृपा करून विचारू नका.

होय, मी पाळक. धारूरच्या घाटाखालच्या एका गावात आमची मूठभर ख्रिस्ती घरं, एक पत्र्याचं देऊळ आणि एक मी. मावशी आमच्या मंडळीतली सर्वांत जुनी बाई. गावात तिची पिठाची गिरणी. अख्खं गाव तिच्याकडं दळण टाकतं, त्यामुळं तिचा अबोला फक्त आमच्यात राहिला नाही, गावभर झाला.

हा अबोला कसा? तर घरोघरी असतो तसाच. नवराबायकोचं बिनसलं की बाई चुलीपुढून म्हणते, "गुड्डे, बापाला सांग, ताट वाढलंय." बाप तिथंच दोन हातांवर बसलेला. तो म्हणतो, "आईला सांग, भूक न्हाई." मावशीनं देवाशी तोच व्यवहार ठेवला होता. त्यातली गुड्डी म्हणजे मी.

"पाळकसाहेब, त्याला सांगा, पाऊस पडला. बरा पडला. पर लोकांची तूर भिजली, ते बी सांगा."

"पाळकसाहेब, त्याला म्हणावं, गुडघा लई ठणकतोय. बरा कर म्हणत न्हाई मी. नुसतं कानावर घाला."

पुढच्या रविवारी चौकशी व्हायचीच. "निरोप दिला का?"

"दिला."

"काय म्हणला?"

"ऐकून घेतलं."

"हं," मावशी पदर सारखा करायची. "ऐकून घ्यायला त्याचं काय जातंय?"

मी कुठं परगावी गेलो की गिरणीवर येणाऱ्याजाणाऱ्याची धडगत नसायची. आमचे रशीदभाई पपया-पेरू विकतात. शुक्रवारी नमाजाला निघाले की ही दारातून ओरडायची, "रशीदभाई, त्याला म्हणावं, गिरणीचा पट्टा परत तुटला!" रशीदभाई दाढी खाजवत म्हणायचे, "आपा, तो तर सगळ्यांचा मालिक हाय. तुमीच बोला की डायरेक्ट." त्यावर ही, "डायरेक्ट चालू असतं तर तुमाला कशाला तरास दिला असता?" शेजारची सत्यभामा चतुर्थीला लिंबागणेशला निघाली, तर तिलाही सांगितलं, "तुमच्या गणपतीची अन् त्याची वळख असंल तर तेवढा निरोप द्यायला सांग." सत्यभामा इतकी साधी की तिनं खरंच देवळात उभं राहून निरोप दिला आणि वर मावशीसाठी खोबरंही आणलं. मावशीनं ते मिटक्या मारत खाल्लं.

आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे पंच, शिंदे गुरुजी यांना मात्र ह्याचा भयंकर राग. गुरुजी स्वतः अर्धा तास प्रार्थना करतात आणि तीत देवाला गावातल्या सगळ्या बातम्या देतात, कोण दारू पितो, कोणाची सून माहेरी गेली. ते मला म्हणाले, "ही देवनिंदा आहे. तिला प्रभुभोजनाची भाकर देऊ नका." गुरुजींपुढं मान हलवायची माझी जुनी सवय. गेलो गिरणीवर.

"मावशी, देवाशी बोलत नाही आणि त्याच्या मेजावर जेवता कसं?"

"भांडण माणसाशी हाय, ताटाशी न्हाई."

"पण अबोला..."

"अबोला हाय, सोडचिठ्ठी न्हाई दिली." डब्यातलं पीठ तिनं हातानं दाबून बसवलं. "अवो, अबोला आपल्या माणसाशी धरत्यात. त्या सरपंचाशी मी कशाला अबोला धरू? त्यो माझा कोण लागतो?"

मी परत येऊन गुरुजींना सांगितलं, मावशीला समज दिली. असं कायबाय सांगणं मला चांगलं जमतं.

आता तुम्ही हसला असाल. मीही हसायचो, चारचौघांत. पाळकांच्या सभेत हा किस्सा मी रंगवून सांगायचो आणि जेवताना लोक मुद्दाम माझ्या शेजारी बसायचे. अबोल्याचं कारण काय, एवढंच मी कधी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो. मग बघा, हसू येतंय का.

मावशीचा नवरा योहानदादा. अंगानं किडकिडीत, सदऱ्याची वरची गुंडी कायम उघडी. लेकरूबाळ नव्हतं. दोघं मिळून गिरणी चालवायची. तेव्हा मावशी देवाशी दिवसभर बोलायची, तीही मोठ्यानं, गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून. "बघ रे, पट्टा सरकला. धर जरा." "ह्या बाईनं ज्वारीत खडं आणलेत, तूच बघ आता." मी इथं नवा आलो तेव्हा मला वाटलं, आत कुणी कामाला ठेवलेला माणूस आहे. योहानदादा हसून म्हणायचे, "आमच्या घरात तिघं राहत्यात पाळकसाहेब. मला बोलायला जागाच न्हाई."

मी आलो आणि चारच महिन्यांत योहानदादांना अर्धांगवायूचा झटका आला. डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, सेवा करा. सगळी मंडळी तिच्या ओट्यावर जमली. मी तरुण होतो, नवा होतो आणि मला मोठं व्हायचं होतं. "ह्या पाळकाच्या प्रार्थनेत ताकद आहे," असं लोकांनी म्हणावं, ह्याची मला भूक होती. मी दादांच्या कपाळावर हात ठेवला. प्रार्थना चढत गेली. बायका रडायला लागल्या. कुणी हालेलूया म्हणालं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रभू मला आत्ता सांगतोय! येत्या रविवारी योहान देवळात येणार!"

केवढं मोठं आमेन झालं! शिंदे गुरुजींचं सगळ्यांत मोठं.

मला प्रभूनं काहीही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी नाही, त्याच्याआधी नाही आणि नंतरही नाही.

मावशीनं मात्र दादांचा पांढरा सदरा काढला, धुतला, निळीत बुडवला आणि इस्त्री करून खुंटीला टांगला. आठवडाभर येईल त्याला सांगत होती, "रविवारी जायचं हाय. त्यानं सोता सांगितलंय."

दादा शनिवारी गेले. रविवारी देवळात आले, चौघांच्या खांद्यावर. अंगात तोच सदरा.

मातीच्या वेळी मी बोललो, देवाची योजना आपल्याला कळत नाही वगैरे. आमच्या धंद्यात असली वाक्यं तयार असतात. लोक पांगले. मावशी माझ्याकडं आली. मला वाटलं, आता ही माझी गचांडी धरणार. ती शांतपणे म्हणाली, "पाळकसाहेब, त्याला सांगा. शबुद देऊन फिरला त्यो. आजपासून बोलणं बंद."

माझ्याविषयी एक अक्षर नाही. तिच्या लेखी मी पोस्टमन. पत्रात खोटं लिहिलं म्हणून पोस्टमनशी कोण भांडतं? उलट त्या दिवसापासून दर शनिवारी माझ्या घरी पिठाचा डबा यायला लागला, "निरोपाची धावपळ करत्यात बिचारे" म्हणून. त्या पिठाच्या भाकरी मी नऊ वर्षं खाल्ल्या. एका आठवड्यात त्या घरातली दोन माणसं गेली होती. एकाला मी माती दिली आणि दुसऱ्याला मीच घराबाहेर काढलं होतं.

सांगायचं नव्हतं असं नाही. दर नाताळला ठरवायचो. मग वाटायचं, सांगितलं तर गुरुजींना कळेल, गावाला कळेल, दर रविवारी त्या तिसऱ्या बाकापुढं उभं राहावं लागेल. त्यापेक्षा देवाची अब्रू गेलेली बरी, त्याला सवय आहे. असा मी पाळक.

यंदा माघात मावशीच्या छातीत कळ आली. अंबाजोगाईला नेऊन आणली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जपायला सांगितलं. चार दिवसांनी बघतो तर हिची गिरणी सुरू. दुपारची वेळ, दळणाला कुणी नाही. तिनं मला पोत्यावर बसवलं.

"येक निरोप हाय. ह्यो जरा मोठा हाय, नीट ध्यानात ठिवा."

"सांगा."

"त्याला म्हणावं, मी काय आता लई दिस काढत न्हाई. येणार तर हाय त्याच्याकडंच, दुसरीकडं कुठं जाऊ? पर तिथं मधी निरोप द्यायला तुमी नसणार. मग कसं करायचं? जलमभर समोरासमोर बसून तोंड फिरवायचं का?" तिचा आवाज बारीक झाला. "तर त्याला म्हणावं, येकदा म्हण, इस्तर, माझं चुकलं. बास. मी लगेच बोलते. मला बी बोलायचं हाय वो. नऊ वर्सं झाली, गिरणीत कुणाशी बोलू मी?"

एवढं सांगून ती उठली आणि उरलेली ज्वारी तिनं गिरणीत ओतली. गिरणी धडधडायला लागली. देवानं तिची माफी मागायची होती, माझ्या अपराधाबद्दल. आणि तो निरोप मीच न्यायचा होता.

मी भित्रा माणूस. सांगायचं ठरवलं तेही गिरणी चालू असताना, म्हणजे सांगितल्यासारखंही होईल आणि ऐकू जाणार नाही. मी तिच्या पाठीमागं उभा राहून ओरडलो, "मावशी, तो फिरला नाही! त्यानं शब्दच दिला नव्हता! देव बोलला नव्हता, मी बोललो होतो..."

आणि लाईट गेली.

वायरमनची करणी की आणखी कुणाची, मला माहीत नाही. गिरणी एकदम गप झाली आणि त्या शांततेत माझंच उरलेलं वाक्य मला ऐकू आलं. "...मी खोटं बोललो होतो!"

मावशी वळली. भुवयांवर पीठ.

"काय म्हणले?"

आता पळायला जागा नव्हती. "त्या दिवशी मला देवानं काही सांगितलं नव्हतं. लोकांनी वाहवा करावी म्हणून मी मनचं बोललो."

"मग त्यो?"

"तो काही बोललाच नव्हता, मावशी."

ती पोत्यावर बसली. मी शिव्यांची वाट बघत होतो. इस्तरमावशीच्या शिव्या गावात नावाजलेल्या आहेत. एखादी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ती वर पत्र्याकडं बघायला लागली.

"आरं," ती म्हणाली. मला वाटलं, मलाच. मला नव्हतं ते.

"आरं, मग तू कावून गप ऱ्हायलास? मी आपली येड्यावानी तोंड फिरवून बसले, अन् तू बी गप! येकदा म्हणायचंस, इस्तर, मी न्हाई बोललो तसं. मी काय ऐकलं नसतं?" ती रडत होती आणि पिठाच्या हातानं डोळे पुसत होती. "माझंच चुकलं. लई चुकलं रे माझं. आता तू बी रुसू नगंस... योहान बरा हाय न्हवं? त्याला सांग, वरची गुंडी लावत जा. थंडी हाय."

कितीतरी वेळ ती बोलत होती. तूर, गुडघा, पट्टा, सत्यभामेचं खोबरं, नऊ वर्षांचं सगळं. मी तिथं आहे हे ती विसरली असावी असं मला वाटलं.

"मावशी," मी म्हणालो, "मला माफ..."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. उठली, मला वळसा घालून आत गेली. स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं बाहेर येऊन तिनं एक कप ओट्यावर ठेवला आणि परत वर पत्र्याकडं बघून म्हणाली, "त्याला सांग, च्या ठिवलाय. प्यायचा असंल तर पी म्हणावं."

"मावशी, माझ्याशी बोला ना."

"त्याला सांग," आत जाता जाता ती म्हणाली, "मी त्याच्याशी बोलत न्हाई."

मी ओट्यापाशी उभा राहिलो. कपावर साय धरायला लागली होती. निरोप माझ्या नावानं निघाला होता, आणि ज्याच्या हाती दिला होता तो माझ्याशी आजवर एक शब्द बोललेला नव्हता. मी डोळे मिटले, ह्या खेपेला खरोखरचे, आणि वाट बघत राहिलो.