कॅटाक्लिझ्मिक दूध

आजोबा नातीला रोज इंग्रजीतला एक भारदस्त शब्द शिकवत. वापरल्याशिवाय शब्द आपला होत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून संध्याकाळच्या आत तो कुणावर तरी वापरायचा, हा घरचा नियम. मागच्या आठवड्यात नातीने असाच एक शब्द वर्गशिक्षिकेवर वापरला. तेव्हा सूनबाईंनी बजावलं, "बाबा, आता एक जरी तक्रार आली ना, तर हे शब्द बंद."

त्या दिवशीचा शब्द होता 'कॅटाक्लिझ्मिक'. आजोबांनी तो उच्चारला आणि नातीने आ वासला. महाभयंकर, सगळं उलटंपालटं करणारं, असा अर्थ त्यांनी सांगितला. आकाशात वीज पाहावी तसे दोघं त्या शब्दाकडे पाहत राहिले, आणि इकडे दूध उतू गेलं.

नातीला संधी दिसली. आई दातांच्या दवाखान्यात कामाला होती; तिला फोन लावून नात म्हणाली, "आई, स्वयंपाकघरात परिस्थिती कॅटाक्लिझ्मिक आहे," आणि शेगडी पुसायला पळाली. नंतर आईचा फोन किती वेळा वाजला, ते दोघांनाही ऐकू आलं नाही.

आईने डॉक्टरांना अर्थ विचारला. तो त्यांनाही ठाऊक नव्हता. पण पेशंटसमोर तसं म्हणणार कसं? त्यांनी गंभीरपणे मान हलवली, तिला घरी पिटाळलं आणि स्वतःच अग्निशमन दलाला कळवलं. आईने वाटेतून शेजारच्या काकूंना तोच शब्द सांगितला. काकूंनी अर्थ न विचारता अख्खी इमारत खाली उतरवली. एक गृहस्थ अर्ध्या दाढीनिशी आले.

आजोबांनी हातात फडकं घेऊन दार उघडलं, तर समोर पाइप घेतलेले जवान आणि धापा टाकणारी सूनबाई.

"दूध उतू गेलं," आजोबा म्हणाले. सूनबाईंनी त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. शब्दांचा वर्ग संपला, हे आजोबांना कळलं.

नात पुढे झाली. "माझंच चुकलं. दुधाला हा शब्द नाही चालत. डोंगर फुटला, समुद्र चढून आला, गावंच्या गावं गेली, तर चालतो."

जवानांच्या प्रमुखाने नकळत हेल्मेट काढून हातात धरलं.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. घर शाबूत आहे ना, हे विचारून झाल्यावर त्यांनी आवाज खाली आणून अर्थ विचारला. आईने सांगितला, डोंगर-समुद्रासकट. मग त्यांनी विचारलं, "दाढेला वापरता येईल?"

"नाही डॉक्टर, दाढेला नाही चालत."

फोन ठेवताना तिची मान चांगलीच ताठ झाली होती.

"बाबा," ती म्हणाली, "उद्याचा शब्द मला सकाळीच सांगा. मी निघायच्या आधी."