सगळ्यांची संमती मीच देते

आमच्या घरात कोणी कुठे जायचं, काय घालायचं आणि कोणाशी बोलणं बंद करायचं, हे सगळं मी ठरवते. शाळा माझी अर्धवट सुटली, पण त्यानं माझं काही अडलं नाही. शिकलेली माणसं चष्मा पुसून विचार करायला बसतात, तोवर माझा निर्णय होऊन त्यावरची रडारडसुद्धा आटपलेली असते!

त्यामुळे नात जेव्हा म्हणाली, "आजी, आमच्या ऑनलाइन वर्गात घरातलं एक मोठं माणूस बोलवायचंय, आनुवंशिकतेबद्दल विचारणार आहेत," तेव्हा मी लगेच अंबाडा सोडून नव्यानं बांधायला घेतला.

"आनुवंशिकता म्हणजे गं?"

"म्हणजे आपल्यात कोणाकडून काय आलं ते."

"एवढंच? त्याला वर्ग कशाला हवा? चांगलं ते माझ्याकडून, उरलेलं तुझ्या आजोबांकडून. झाला अभ्यास!"

"अगं, त्यातले नैतिक प्रश्न आहेत. एखाद्याच्या अंगातलं गुपित आपल्याला कळलं तर ते सांगावं का? कोणाला सांगावं? आधी त्याला विचारायला नको का?"

"विचारायचं कशाला? मी आहे ना!"

नातीनं कपाळाला हात लावला. ही सवय तिच्या आईची.

वर्ग सुरू झाला. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, त्यात टपालाच्या खणांसारखे चौकोन आणि प्रत्येक खणात एकेक डोकं. मधल्या खणातल्या मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, आमचा एकच नियम आहे. घरातल्या ज्या माणसाबद्दल बोलायचं, त्याची संमती हवी."

"आहे!"

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. आमच्याकडे संमती वेगवेगळी नसते. एकत्र असते, माझ्यापाशी!"

सगळी डोकी हसली. मला आणखी काय हवं होतं! मी सुटले. यजमानांचं टक्कल सांगितलं. नणंदेच्या पायाचं सहावं बोट सांगितलं. सूनबाईचं घोरणं माहेरून आलंय, हेही सांगितलं. स्वयंपाकघरात एक पातेलं जोरात पडलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"आजी, थांबा," मॅडम म्हणत होत्या. "त्यांना स्वतःला विचारलंय का?"

"आणि माझा मुलगा!" मी म्हटलं. नातीनं माझी बाही ओढली. मी सोडवून घेतली. "त्याला लाल आणि हिरवा यातला फरक कळत नाही!"

आता वाचकहो, तुम्हाला सांगायला हवं, की माझा मुलगा रंगाच्या दुकानात आहे. गिऱ्हाईक रंगांच्या कार्डावर बोट ठेवतं, "अगदी असाच रंग हवा" म्हणतं, आणि तो रंग मिसळून देतो. डोळ्यांनी नव्हे, नंबरांनी! कार्डावरचा नंबर, डब्यावरचा नंबर, सगळं त्याला तोंडपाठ. बायको सकाळी शर्ट काढून देते. दुकानात कोणाला पत्ता नाही. चुकला तो एकदाच, आमच्या घरी. उरलेले बिननंबरी डबे आणून त्यानं हौसेनं आमचा बाहेरचा दरवाजा रंगवला. हिरवा म्हणून. तो झाला भिजलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा! पण घामाघूम होऊन तो असा काही हसत उभा होता, की मी तिथल्या तिथे हुकूम काढला: दरवाजा हिरवा आहे. त्या दिवसापासून घरात सगळे त्याला हिरवाच म्हणतात.

तर मी वर्गाला म्हटलं, "असा माणूस गावातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात रंग मिसळतो, आणि एक डबा परत आलेला नाही! ही हुशारी माझी. डोळे मात्र माझ्या सासऱ्यांचे!"

एका खणातल्या मुलीचं तोंड उघडं ते मिटेचना.

"आजी," नात रडवेल्या आवाजात कुजबुजली, "ती बाबांच्या मालकांची मुलगी आहे."

एवढ्यानं भागलं असतं तरी चाललं असतं. पण मॅडमना शिकवायची हौस! "आजी, एक दुरुस्ती करते. हा लाल-हिरव्याचा दोष वडिलांकडून मुलाला जात नाही. तो आईकडून येतो."

सासऱ्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या फोटोवरची धूळ झटकताना मी मुलाच्या डोळ्यांवरून रोज दोन शब्द सुनावायचे. त्या दिवशी फोटोत ते हसताना दिसले. देवाशपथ!

संध्याकाळी मुलगा आला तो चपला न काढताच खुर्चीत बसला.

"आई, तू सांगितलंस?"

"विषय निघाला रे."

"मालकांनी उद्या बोलावलंय. कार्डं दाखवणार आहेत. नंबर झाकून."

त्याचा चेहरा बघवेना. त्या गल्ल्यापाशी उभं राहून लोकांना "ताई, हा रंग घ्या, खोली मोठी दिसेल" म्हणणं, हेच त्याचं सारं सुख होतं. ते मी एका वाक्यात घालवलं होतं. पण हातपाय गाळून बसणारी मी नव्हे!

"मीही येते," मी म्हटलं. "तुझ्यामागे उभी राहते. मी खोकले तर लाल, घसा खाकरला तर हिरवा!"

"आई, पाया पडते, आता आणखी काही करू नका," सूनबाई म्हणाली.

"तू तुझ्या घोरण्याकडे बघ!"

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला स्टूल दिलं, नंबरावर अंगठा ठेवून पहिलं कार्ड धरलं. मी खोकले.

"लाल," मुलगा म्हणाला.

दुसरं कार्ड. मी घसा खाकरला.

"हिरवा."

मालकांचा चेहरा उजळला! माणूस वाईट नाही. त्यांनाही तो चुकायला नको होता. आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी शेजारी थिनरचा डबा उघडला! तो वास सुरीसारखा घशात शिरला, आणि मला खरा खोकला लागला. थांबेचना! मध्येच घसा खाकरायचा, की पुन्हा खोकला. मुलगा सरळ समोर बघत शाळेतल्या पोरासारखा म्हणत होता, "लाल. लाल. हिरवा. लाल. लाल. हिरवा. लाल..."

"अरे," मालक हळूच म्हणाले, "मी अजून कार्ड उचललंच नाहीये."

दुकानात एक गिऱ्हाईक हसलं. मुलगा हसला नाही. त्याची मान खाली गेली ती वर आली नाही.

"मावशी, पाणी घ्या," मालक म्हणाले. मग त्याला म्हणाले, "तू स्वतः येऊन सांगितलं असतंस, तर आपण दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं. आता मुलीच्या वर्गातल्या घरोघरी झालंय. रंग मिसळून घ्यायला गिऱ्हाईक उभं राहायचं नाही रे तुझ्यापाशी."

तेव्हापासून तो मागच्या गोदामात ब्रश आणि पॉलिश पेपर काढून देतो. तिथे कोणी विचारत नाही, कोणता रंग चांगला दिसेल म्हणून.

घरात माझ्याशी बोलतात सगळे, पण मोजून. सूनबाई माझ्यादेखत शिंकसुद्धा दाबते. वर्गात सांगेन म्हणून!

काल तो गोदामातून आला आणि पायरीवरच बसून राहिला. मी बाहेर गेले. तो दरवाजाकडे बघत होता.

"आई, खरं सांग. हा हिरवा आहे ना?"

"हो" माझ्या जिभेवर तयार होतं. पण मला तो वर्ग आठवला, मॅडम आठवल्या, सांगायच्या आधी ज्याचं त्याला विचारायचं असतं, हेही आठवलं. म्हटलं, आता तरी नियमानं वागू. मी त्याच्या शेजारी बसले, आवाज शक्य तितका मऊ केला आणि विचारलं,

"बाळा, तुला खरंच ऐकायचंय का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग दरवाजाकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"म्हणजे नाहीये," तो म्हणाला, आणि आत निघून गेला.

उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणाची संमती विचारली हो मी! आणि तेवढ्यातही सगळं सांगून बसले.