इलारिओन यांची वधूमोहीम

सांजेचा दिवा लावोन, प्रभूस स्मरोन, जे घडले तैसे लिहिले असे.

बुकोविना प्रांती वालेना गावचे इलारिओन, धर्मविद्येत तरबेज, दाढी नुकती राखिलेली. गावचे वृद्ध पाद्री निवर्तले आणि देऊळ ओस पडले, मग बिशपसाहेबांचे फर्मान आले की, जागा इलारिओन यांस द्यावी, परंतु लग्न करोन हजर व्हावे. कारण दस्तूर ऐसा की, लग्न करोन पाद्री होता येते, पाद्री होऊन लग्न करिता येत नाही. त्यात मोठा उपवास तोंडावर आणि उपवास लागला की ईस्टर उलटेपर्यंत लग्ने बंद. प्रसंग बिकट.

मग मातोश्री पारास्किवा यांनी सरलष्करी घेतली आणि कोबीच्या पानांत भात-मांस गुंडाळिलेल्या सार्माल्यांची रसद घेवोन जुन्या मोटारीतून कूच केले. पहिले ठाणे मास्तरीणबाई; त्यांनी इटलीस नोकरी धरिल्याचे कळविले. दुसरे ठाणे देवळाची घंटा वाजविणाऱ्याची कन्या; तिने दाढी टोचेल ऐसा जबाब दिला. इकडे शिंप्याकडे पाद्र्याचा झगा शिवोन तयार.

तिसरे ठाणे डोम्निका, दूधगाडी हाकणारी. ती चाक बदलीत होती. मातोश्रींनी सार्माल्यांचे पातेले पुढे करोन पुत्राचे गुण वर्णिले, झगा तयार असल्याचेही सांगितले, आणि डोम्निकेने शांतपणे हात पुसले.

"मी मेले तर तुम्हाला दुसरी करता येते का हो?"

"पाद्री झाल्यावर नाही."

"म्हणजे जन्मात एकदाच करायची, आणि तीही झगा शिवून झाला म्हणून? दोन घरं हुकली म्हणून आलात ना इकडे?"

"हो," इलारिओन म्हणाले. मातोश्रींनी कपाळास हात लाविला.

मग इलारिओन यांनी बिशपसाहेबांकडे मुदत मागितली आणि हुकूम जाहला की, देऊळ खोळंबत नाही. जागा दुसऱ्या विवाहितास गेली. मातोश्रींनी बोलणे टाकिले. इलारिओन मात्र उपवासभर पहाटे डोम्निकेच्या गाडीत दुधाचे कॅन चढवीत राहिले, आणि या उपवासात दूध निषिद्ध म्हणोन स्वतःस थेंबही वर्ज्य.

ईस्टर उलटला. इलारिओन रसदेविना, फौजेविना, एकटे दारी गेले.

"आता जागा नाही, झगाही नाही," ते म्हणाले.

"मग आता तुम्हीच आलात. बसा."

तह जाहला. गाडी डोम्निकेनेच हाकावी, हे कलम इलारिओन यांनी बिनशर्त कबूल केले आणि मातोश्रींनी आठवडाभराने. मग लग्न लागोन बिशपसाहेबांच्या दप्तरी ऐसी नोंद पडली: इलारिओन, विवाहित, जागा शिल्लक नाही. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली.