मुद्देमालाचा कूलर

कामठीच्या पावरलूमवरचे कामगार धोंडबा यांच्याकडे शेअर ऑटोत गांजाचं एक पोतं सापडलं. त्याचं वजन वीस किलो तीनशे ग्रॅम भरलं. वीसच्या वरचा माल कायद्याने व्यापारी ठरतो, म्हणून खालच्या कोर्टाने त्यांना दहा वर्षांची शिक्षा दिली.

धोंडबांची भाची वैभवी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. निकालपत्राची दोनशे चौदा पानं तिने प्रयोगवही तपासावी तशी तपासली आणि सत्त्याऐंशीव्या पानावर तिला आनंदाचं भरतं आलं. वजन जुलैत झालं होतं, माल ओला होता, आणि ठाण्याचा काटा दुरुस्तीला गेल्यामुळे समोरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर पोत्यासकट तोलला होता. पोतं आणि पाणी वजा केलं तर मामा वीसच्या खाली येत होते. तिने सुमंत वकिलांना आलेख काढून दाखवला. वकिलांना आलेख कळला नाही, पण त्याला तीन रंग होते. त्यांनी तेवढ्यावर अपील दाखल केलं.

अपील सुनावणीला यायला दोन वर्षं लागली. मे महिन्यात आदेश निघाला: मुद्देमालाचं फेरवजन करावं, मात्र तो जप्तीच्या दिवशी होता त्याच स्थितीत असावा.

मुद्देमाल सांभाळणारे कारकून नानाजी यांनी आदेश तीनदा वाचला. पोतं वाळून सोळा किलो नऊशेवर आलं होतं. बाहेर पंचेचाळीस डिग्री होते.

"मॅडम, जुलै कुठून आणू मी आता?" त्यांनी विचारलं.

वैभवीने शास्त्रीय उत्तर दिलं. त्या दिवशीची आर्द्रता अठ्ठ्याऐंशी टक्के होती. खोलीत तेवढी राखली की झालं. नानाजींनी वर लिहिलं, आणि कर्मचाऱ्यांच्या ज्या मागणीवर सात उन्हाळे विचार सुरू होता ती मुद्देमालाच्या नावाने चार दिवसांत मंजूर झाली. खोलीत मोठा कूलर आला. त्याच्यामागून सगळं कार्यालय आलं. जन्मनोंदीच्या फाइलींचा गठ्ठा पोत्याच्या डावीकडे, वारसांचा उजवीकडे. दर तासाला कोणीतरी उठून पोत्याचं वजन घेई. वैभवीने त्यांना दशांशानंतर तीन आकडे लिहायला शिकवलं. सतरा पूर्णांक चारशे बारा असं कोणी मोठ्याने वाचलं की बाकीचे माना डोलवत. वजन अठरावर गेलं त्या दिवशी पोहे झाले.

नवव्या दिवशी काटा जुलैच्या वीस किलो तीनशेवर पोचला, आणि पोत्याला कोंब फुटले.

सरकारी वकिलांनी लगेच अर्ज दिला, की आरोपीच्या मालाला अंकुर आल्यामुळे आता लागवडीचाही गुन्हा जोडण्यात यावा. आरोपी दोन वर्षं तुरुंगात आहे, असं सुमंत वकील म्हणाले. त्यावर, तुरुंगातून शेती करणं तर अधिकच गंभीर, असं उत्तर आलं. कोर्टाने नानाजींना विचारलं, पाणी कोणी घातलं. नानाजींनी आदेशाची प्रत पुढे केली, त्यावर कोर्टाचीच सही होती. तेव्हा जेवणाची सुट्टी जाहीर झाली.

सुट्टीनंतर वैभवीने व्याख्या वाचून दाखवली: गांजा म्हणजे फुलोरा, सुटं बी आणि पानं नव्हेत. मग अंकुर कात्रीने कापले, बिया चिमट्याने वेचल्या, पोतं वेगळं तोललं. सगळं कोर्ट काट्यावर वाकलं होतं. वजन आलं एकोणीस किलो नऊशे अठ्ठ्याण्णव ग्रॅम. सुमंत वकिलांनी वैभवीचा हात धरून गदागदा हलवला. माल व्यापारी राहिला नाही. दहाची आठ वर्षं झाली.

वैभवी आलेख घेऊनच तुरुंगात गेली. तिने जाळीला कागद लावून मामांना सगळं समजावलं, दोन ग्रॅमचा फरक बोटाने दाखवला. धोंडबांनी शांतपणे ऐकलं.

"लय मेहनत घेतली वं पोरी तू," ते म्हणाले. "आन् ज्या बाईचं पोतं होतं, थे सापडली काय?"

"कोणती बाई?"

"शेअर ऑटोत काठावर बसलं की सगळ्यांचं सामान मांडीवर येते ना. तिनं म्हटलं, काका, धरा जरा, रिचार्ज मारून येतो. उतरली. तेवढ्यात पोलीस आले."

"मामा, तुम्ही हे सांगितलं काहून नाही?"

"पयल्याच दिवशी सांगतलं. साहेब म्हणे, आधी वजन होऊ दे."

वैभवीने तिथेच पिशवीतली दोनशे चौदा पानं काढली. पंचनाम्यात 'मालकी' असा रकाना होता. त्यासमोर लिहिलं होतं: वजन पाहा.

तिने सुमंत वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, मुद्दा चांगला आहे, पण अपिलात घेतलेला नाही; आणि आता वजन तर आपण स्वतःच सिद्ध करून दिलंय.

वैभवीला हसण्याआधी वाचकाने स्वतःकडे पाहावं. शेवटचं वजन त्याला ग्रॅमपर्यंत तोंडपाठ आहे. पोतं कोणाचं, हे त्याने तरी कधी विचारलं होतं?