पेंडसे काकांचं तिसरं वळण

पेंडसे काका गाडीत बसताना चपला बाहेर काढून ठेवतात. गाडी म्हणजे दोन सीटची, लाल, सेकंडहँड स्पोर्ट्स कार. ती घेऊन ते भाजीला जातात, आणि बाजारात पोचल्यावर त्यांच्या लक्षात येतं की चपला आमच्या फरीदाबादच्या सोसायटीत, पार्किंगमध्येच राहिल्या. मग अनवाणीच भेंडी निवडतात.

काका एका कारखान्यात क्वालिटी तपासायचे. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. रोज सकाळी टायरमधली हवा बघायची आणि "शास्त्रोक्त आहे" असा शेरा मारायचा. दिल्लीची हवा मात्र त्यांनी अजून पास केलेली नाही. एवढी स्पोर्ट्स कार, पण ती कधी चाळीसच्या वर गेली नव्हती, कारण शेजारी काकू असायच्या आणि त्यांना वेग सोसायचा नाही. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली, तरी काटा चाळीसवरच.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी जाहीर केलं, "नितीन, मी ऑटोक्रॉस करणार!"

मैदानात प्लॅस्टिकचे कोन मांडतात, त्यांच्यामधून एकेकाने गाडी पळवायची आणि वेळ मोजायची, असा हा प्रकार. फेऱ्या तीन. शेजारी बसून वळणं सांगायला एकाला परवानगी. तिथे माझी नेमणूक झाली, कारण काकांना वळणं मराठीतच हवी होती.

"हिंदीत ऐकलं की आधी मनात भाषांतर होतं. तेवढ्यात कोन जातो!"

दोन महिने आम्ही पार्किंगमध्ये तालीम केली. डावं, उजवं, डावं. माझा जन्म इथलाच. घरी मराठी बोलतो, पण घाबरलो की तोंडातून हिंदी बाहेर पडते. हे काकांना आधीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मैदान गुरुग्रामच्या पलीकडे होतं. काकांनी पिशवीतून जमिनीला कधी न लागलेले कॅनव्हासचे बूट काढले, हेल्मेट चढवलं आणि गाडी भरधाव सोडली. काटा साठवर गेला. काका चक्क हसत होते. तिसरं वळण उजवीकडे होतं. कोन अंगावर आल्यासारखे वाटले, माझी पाचावर धारण बसली आणि मी ओरडलो, "दायें! दायें!"

हिंदीतलं हे "उजवं" इंजिनाच्या आवाजात काकांना "डावं" ऐकू आलं. त्यांनी बिनदिक्कत डावीकडे घेतलं. सहा कोन आडवे करून आम्ही पाण्याच्या जारांमध्ये घुसलो. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

आयोजक मुलगी धावत आली. "अंकल, लेफ्ट क्यों लिया?"

सगळे बघत होते. काहींनी मोबाइल काढले होते. आणि मी, ज्याला काकांनी विश्वासाने शेजारी बसवलं होतं, पटकन म्हणालो, "अंकल को थोड़ा कम सुनाई देता है."

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कानामागे हात धरून तिला म्हणाले, "हां बेटा, उमर हो गई."

"फिर तो सॉरी, अंकल. सेफ्टी का सवाल है." उरलेल्या दोन्ही फेऱ्या रद्द झाल्या. तेव्हासुद्धा मला तोंड उघडता आलं असतं. मी कोन उचलायला लागलो.

परतीच्या वाटेवर काटा पुन्हा चाळीसवर होता. टोलनाका गेल्यावर मला राहवेना.

"काका, चूक माझी होती. मी दायें म्हणालो."

"माहीत आहे. कान शाबूत आहेत माझे. गाडी थांबली तेव्हाच उलगडा झाला."

"मग बोलला का नाहीत? दोन फेऱ्या गेल्या तुमच्या."

काकांनी मागच्या ट्रकला पुढे जायला वाट दिली. मग म्हणाले, "बोललो असतो तर तुला लाज वाटली असती. आणि मग तू पुन्हा या सीटवर बसायला आला नसतास."

लाज तर मला वाटतच होती, आजही वाटते. पण त्या क्षणी ती इतकी दाटून आली, की मला काकांकडे मान वळवून बघताही येईना.