बोट गरम होते

सन १९६१च्या पावसाळ्यात सोनाळघाट येथील सरकारी बोट गरम होत असे. बाब गंभीर होती आणि ती गंभीरपणेच हाताळली गेली, हे सुरुवातीलाच नमूद करतो. मी त्या गावचा ब्रँच पोस्टमास्तर. गावातले सगळे अर्ज माझ्याच हातून जात, त्यामुळे या प्रकरणातला पहिला कागद माझ्या अक्षरात आहे. शेवटचाही माझ्याच अक्षरात आहे, पण त्याकडे सावकाश येऊ.

आमच्या गावाला लागून पूर्णा वाहते. पलीकडच्या काठावर शकुनबाईची झेंडूची वाडी आणि अमरावतीची सडक. पूर्वी आम्ही डोंग्यातून पार होत असू. मग सरकारने नदीपार दळणवळण उपविभाग काढला आणि त्याने आम्हाला बोट दिली, पोटात डिझेलचे इंजिन असलेली. इंजिनावर लोखंडी झाकण, झाकणावर लाखेची मोहर आणि मोहरेखाली पाटी होती : ‘तज्ज्ञाखेरीज कोणीही बोटीच्या कोणत्याही भागास हात लावू नये.’ तज्ज्ञ मुंबईला होता.

चालक म्हणून धर्मपाल लागला. आमच्याच गावच्या देवमनचा मुलगा. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनात चार वर्षे ऑइल इंजिन चालवून आलेला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो त्याची तब्येत सांगत असे. नेमणूक तीन महिने तात्पुरती होती, काम समाधानकारक वाटल्यास कायम. त्यांच्या घराण्यात सरकारी नोकरीचा हा पहिलाच कागद. त्याच्या आईने, सुंदराबाईने, तो माझ्याकडून सात वेळा वाचून घेतला आणि ‘वाटल्यास’ हा शब्द आला की दर वेळी ती विचारी, “वाटन ना मास्तर त्याइले?” मी म्हणे, न वाटायला काय झाले?

उद्घाटनाला उपविभागाचे साहेब आले. एक्केचाळीस हार पडले, सगळे शकुनबाईच्या वाडीतले आणि तिनेच अंबाडीच्या सुतळीत ओवलेले. आता, गळ्यातून काढलेला हार पायदळी येऊ नये, वाहत्या पाण्यात सोडावा, ही आपली रीत. साहेब बोटीत उभे राहिले आणि एकेक हार त्यांनी हाताने पूर्णेत सोडला. इंजिन चालू होते. आम्ही काठावरून टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी धर्मपाल पोस्टात आला.

“मास्तर, इंजिन तापून राहिलं. मधात गेलं का वाफा निंगते. वीस मिनिटं थांबा लागते, मंग पुढं.”

“कशाने?”

“तेलाचा काटा बराबर हाय. धूर काळा नाही. आवाजात खोट नाही. पण मांगून पान्याची जे धार पडते ना, ते करंगळीएवढी झाली. त्या धारेत बोट धरून पाह्यलं तं चटका बसला.” त्याने उजव्या हाताचे बोट दाखवले. टोकाला फोड आला होता. “हे इंजिन नदीचंच पानी पिऊन थंडं रायते. खालून जाळीतून पानी घेते अन् मांगून सोडते. जाळी चोंदली हाय, दुसरं काई नाही. बुडी मारून साफ करतो म्हटलं तं पाच मिनिटाचं काम. पण हात लावाचा हुकूम नाही. तेवढी परवानगी मांगा.”

निदान इतके चोख होते की मला अर्ज लिहायला हुरूप आला. त्या सुमारास कागदोपत्री शक्यतो शुद्ध मराठी वापरावी असे परिपत्रक आले होते आणि मला ते मनापासून पटले होते. धर्मपाल म्हणाला, “मोटारबोटीचं इंजिन असं लिवा.” मी ‘मोटार’ आणि ‘इंजिन’ हे दोन्ही शब्द परके म्हणून काढून टाकले. ‘बोट’ हा मला आपला वाटला, तो ठेवला. अर्ज असा झाला :

‘तीन दिवसांपासून बोट गरम होते. धार बारीक येते. हात लावण्यास परवानगी नाही. तरी तातडीने तपासणी व्हावी.’

इतका आटोपशीर अर्ज मी आयुष्यात दुसरा लिहिला नाही. उपविभागाने तो त्याच दिवशी पुढे पाठवला, आरोग्य खात्याकडे.

सतरा दिवसांनी उत्तर आले : ‘चालक धर्मपाल देवमन यांनी संबंधित बोटासह जिल्ह्याच्या दवाखान्यात हजर राहावे. येताना सकाळची लघवी आणावी.’

धर्मपालने ते दोनदा ऐकले. “मास्तर, बोट सडकेनं कशी नेऊ?”

तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी त्याला अर्ज पुन्हा वाचून दाखवला आणि माझेच कान गरम झाले. तो रागावला असता तर बरे वाटले असते. तो फक्त म्हणाला, “तुमाले म्हटलं होतं, इंजिन लिवा.”

आम्ही दोघे अमरावतीला उपविभागात गेलो. तिथले बडे बाबू भगवंतराव सज्जन माणूस होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, अर्ज वाचला, चष्मा पुसला.

“चूक झाली हे खरं,” ते म्हणाले. “पण आता नस्ती आरोग्याकडे आहे. परत मागवायची तर आमच्याकडून चूक झाली असं लिहावं लागेल. या कार्यालयाकडून अजून चूक झालेली नाही.”

“मंग आता कसं करावं बाबू?” धर्मपालने विचारले.

“तुला बोट आहे ना? मग तपासून घे.”

डॉक्टरांनी बोट तपासले. फोड केव्हाच बरा झाला होता. त्यांनी बोट वाकवून पाहिले, दाबून पाहिले, थर्मामीटर लावण्याचा प्रयत्न केला आणि प्रमाणपत्र दिले : ‘बोट निर्दोष असून कामास योग्य आहे. धारही समाधानकारक.’

भगवंतरावांनी प्रमाणपत्र नस्तीला लावले आणि खाली टिपणी लिहिली. बोट निर्दोष असल्याचे सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केले आहे. सबब यापुढे बोट गरम झाल्यास तो चालकाचा हलगर्जीपणा समजण्यात यावा.

धर्मपाल उभ्या जागी घामाने भिजला. “बाबू, हे बोट निर्दोष हाय. ते बोट तापूनच राहिली!”

“नस्तीत एकच बोट आहे,” भगवंतराव म्हणाले.

“मंग डाक्टरले म्हंतो, बोट खराब हाय असं लिवून द्या. मंग तं जाळी पाह्यसान?”

भगवंतरावांनी विचार केला. ते खरोखरच मदत करू पाहत होते. “तसं लिहून आणलंस तर बोट दुरुस्तीला मुंबईला जाईल. पण बोट खराब असलेल्या माणसाला चालक म्हणून कायम कसं करणार?”

परतीच्या वाटेवर वलगाव मागे पडले. मग तो म्हणाला, “मास्तर, माह्या बोटाले काई झालं नाही, याच्यात माही काय चूक?” रस्ताभर मला लाज वाटत होती, आणि ती वाटायलाच हवी होती.

पुढचे दोन महिने त्याने ती बोट कशी चालवली हे गावाने पाहिले आहे. मधोमध आले की इंजिन बंद करायचे, वल्ह्याने बोट धरून ठेवायची, इंजिन निवले की पुढे. जाळी त्याच्या पायाखाली हातभर अंतरावर होती. पण पाटीवरचा हुकूम त्याने मोडला नाही, कारण आईने सात वेळा वाचून घेतलेला कागद तो मोडू शकत नव्हता.

दसऱ्याच्या आधी उपविभागाने ठरवले की बोट निर्दोष ठरल्याबद्दल एक समारंभ व्हावा, आणि त्यातच चालकाला नोकरीत कायम केल्याचा आदेश द्यावा. साहेब पुन्हा आले. शकुनबाईने पुन्हा हार ओवले, या वेळी एकावन्न, कारण दसऱ्याचा झेंडू भरात होता. धर्मपालने त्या सकाळी माझ्याकडे येऊन एवढेच म्हटले, “हार पान्यात नका टाकू म्हनाव.” मी हे स्वागत समितीला सांगितले. समितीने मला विचारले, साहेबांना सांगणार कोण? साहेबांनी हार पूर्णेत सोडले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बोटीत साहेब, भगवंतराव, शकुनबाई आणि मी. कायम केल्याचा आदेश भगवंतरावांच्या खिशात होता. तो पलीकडच्या काठावर द्यायचा होता. नदीच्या मधोमध झाकणाखालून वाफ निघाली आणि इंजिन बंद पडले. पाण्याला ओढ होती. बोट आडवी झाली आणि खालच्या अंगाला, जिथे काळे खडक आहेत तिकडे सरकू लागली. वल्ह्याने ती आवरेना.

“साहेब, पाच मिनिटं द्या,” धर्मपाल म्हणाला. “जाळी मोकळी करतो.”

“हात लावू नकोस!” भगवंतराव ओरडले. “पाटी वाच!”

“हात नाही लावत बाबू. बोट लावतो.”

आणि त्याने उडी मारली. तो खाली किती वेळ होता ते सांगता येणार नाही; शकुनबाई देवाचे नाव घेत होती आणि साहेब खडकांकडे पाहत होते. मग तो वर आला. बोटात अडकवून त्याने एक काळी, सडकी, लांबलचक वस्तू बाहेर काढली. तिच्यात मधेमधे आजचा ताजा झेंडूही गुंतला होता. बोटीत चढून त्याने इंजिन चालू केले आणि मागची धार मनगटाएवढी झाली. बोट खडकांपासून वळली.

“माहीच सुतळी!” शकुनबाई कौतुकाने म्हणाली. “तीन महिने पान्यात राहून तुटली नाही पाहा.”

साहेबांनी विचारले, “हे काय आहे?”

धर्मपालला दम लागला होता. शब्द निवडायला त्याला उसंत नव्हती. त्याने हार वर धरला, दुसऱ्या हाताने साहेबांच्या गळ्याकडे बोट केले आणि म्हणाला, “उद्घाटनाचा हार. तुमचाच हाय साहेब.”

काठ आला. काठावरच्या लोकांनी हे सगळे पाहिले आणि ऐकले. खिशातला आदेश खिशातच राहिला.

आठ दिवसांनी आरोपपत्र आले. त्यात इंजिनाचा, जाळीचा किंवा हाराचा उल्लेख नव्हता. आरोप एकच होता : ‘चालकाने वरिष्ठांकडे बोट दाखवले.’ पुरावा म्हणून दवाखान्याचे प्रमाणपत्र जोडले होते, की बोट निर्दोष असून कामास योग्य आहे.

चौकशीला भगवंतराव गावात आले. त्यांनी सगळ्यांना चावडीवर बोलावले आणि अगदी सौम्यपणे विचारले, हार कोणाला दिसला? चौकशीपुरती काढून घेतलेली बोट पुन्हा मिळायची होती, सडक व्हायची होती, शाळेवर कौले चढायची होती. जबाब मीच लिहिला, कारण माझे अक्षर चांगले. ‘आम्हांस हार दिसला नाही. बोट मात्र स्पष्ट दिसले.’ खाली पहिली सही माझी आहे. मग बाकीच्यांनी केल्या. शकुनबाईने अंगठा दिला आणि बाहेर जाऊन रडली.

धर्मपाल आता बार्शीटाकळीला एका जिनात आहे. त्याचे इंजिन तापत नाही म्हणतात. नेमणुकीचा तो जुना कागद सुंदराबाई अजून पोस्टात घेऊन येते, पण आता वाचायला सांगत नाही. माझ्यासमोर काउंटरवर ठेवते, थोडा वेळ उभी राहते आणि परत घेऊन जाते. यापेक्षा तिने मला चारचौघांत शिव्या घातल्या तर मी तिचे पाय धरीन.

त्या जबाबाची एक प्रत माझ्याजवळ आहे. तुम्ही इथवर आमच्या गावाला हसत आलात, हरकत नाही. आम्हीही त्या बोटीला हसत होतो. पण काठावर टाळ्या वाजवणाऱ्यांत तुमचाही चेहरा मला ओळखीचा वाटला होता. शेवटच्या सहीखाली दोन ओळींची जागा अजून मोकळी आहे. सही करा, येत नसेल तर अंगठा द्या. कोणाकडे बोट मात्र दाखवू नका.