लीलाधरच्या कॅसेटचं परीक्षण

सावद्याच्या लीलाधरने एकोणीसशे एकोणनव्वदच्या दिवाळीत चारचौघांत सांगून टाकलं, "सुकदेव नानांनी माझ्या कॅसेटची वाहवा केली नाही, तर बाजाची पेटी माळ्यावर टाकेन आणि आबांच्या गादीवर केळीचे भाव बोलायला बसेन." त्या चौघांत त्याचे वडील, केळीचे व्यापारी कौतिक आबाही होते. त्यांनी लगेच गादी झटकायला सांगितली.

कॅसेट त्याने स्वतःच्या हिमतीवर काढली होती. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा त्याचाच. थाट मात्र आबांच्या तरुणपणच्या रेडिओचा, ॲकॉर्डियन आणि बोंगोसकट. नाना जळगावच्या एका दैनिकात दर रविवारी गाण्यांवर लिहायचे. त्यांचं लिखाण वाचून दोन गायकांनी किराणा दुकान काढल्याचं बोललं जाई.

इंदूरहून दोनशे कॅसेटी भरून आल्या तेव्हा लीलाधर पोस्टरांच्या कामाने भुसावळला होता. घरात जागा नव्हती, म्हणून आबांनी खोकी वखारीत, केळी पिकवायच्या खोलीत ठेवली. उंदीर तिथे फिरकत नाहीत, कारण गोवऱ्यांची धुरी देऊन दार लिंपलं की आत तीन दिवस अंग भाजेल अशी ऊब असते. लीलाधरने परत येऊन वरचीच कॅसेट उचलली आणि जळगावच्या मेहरूण भागात नानांच्या हातात देऊन आला.

घरी त्याने दुसरी लावली. आतला माणूस विहिरीत पडून गात असावा. सूर लांबत होता, लटपटत होता, ॲकॉर्डियनला हुडहुडी भरली होती.

"आबा, खोलीत धुरी दिली होती?"

"मंग? केळी काय आपोआप पिकतात? पण तुह्या खोक्याले मी हात नाही लावला."

उष्णतेने फिती सैल पडल्या होत्या; लीलाधर रडकुंडीला आला. बायकोने, कुंदाबाईने, ट्रंकेतली मूळ कॅसेट काढून दिली. "रडता कायले? ही देऊन या."

दुसऱ्या दिवशी तो मेहरूणला पोचला, तर नाना बाहेर गेलेले. त्याने कॅसेट त्यांच्या पत्नीकडे, सुनंदाबाईंकडे दिली. "अक्का, पहिली ऐकू नका म्हणावं. खरी ही."

रविवारी आबांनी गादीवर नवी चादर घातली. लीलाधरने पेपर उघडला तेव्हा अक्षरं नाचत होती. 'जुना काळ पुष्कळ जण गातात,' नानांनी लिहिलं होतं, 'पण या गायकाच्या थरथरत्या, झिजलेल्या स्वरात तो काळ खरोखर म्हातारा झालेला ऐकू येतो. असं धाडस खानदेशात प्रथमच.'

लीलाधरचा जीव भांड्यात पडला. पेटी वाचली होती. त्याने ती पुसली, कुंदाबाईला परीक्षण तीनदा ऐकवलं आणि आबांनी मुकाट्याने चादर घडी करून ठेवली.

पण 'थरथरत्या' हा शब्द त्याला टोचत राहिला. सोमवारी तो पेढे घेऊन मेहरूणला गेला आणि धुरीची सगळी हकीकत सांगून मोकळा झाला.

"नाना, तुम्ही बिघडलेली कॅसेट ऐकली. चांगली अक्कांकडे दिली होती."

"दोन्ही ऐकल्या," नाना पेढा तोंडात टाकत म्हणाले.

"मग?"

"चांगलीत तुमचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ती कुणाला देऊ नका."

"बरं नाना," म्हणत लीलाधर पाया पडला आणि हसतच एसटीत बसला. नाना परीक्षण मागे घेणार नाहीत, एवढंच त्याच्या डोक्यात शिरलं होतं. शेजारच्या प्रवाशाला त्याने ते दोनदा वाचून दाखवलं. नाना नक्की काय म्हणाले हे त्याला उमगलं, तेव्हा गाडीने भुसावळ सोडलं होतं.